चढावरचं बाक

काकूंचा गुडघा कॅशियरच्या घरापर्यंत चालायचा. तिथे तो संपावर जायचा.

गल्ली चढाची होती. खालच्या टोकाला मोजणीकाका आणि काकूंचं घर, वरच्या टोकाला पाण्याच्या टाकीला लागून सिस्टरचं घर, आणि मध्यावर, चढ जिथे जरा जास्तच मनावर घेतो तिथे, एका हाताला कॅशियर आणि दुसऱ्या हाताला शिकवणीच्या बाई. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं, चाला, खुशाल चाला, फक्त मध्ये घटकाभर टेका आणि मग पुढे जा. डॉक्टर गावाच्या दुसऱ्या भागात राहत असल्यामुळे असं बोलू शकले. या गल्लीत माणसाला लग्न जुळवता येत होतं, भांडण मिटवता येत होतं, मिटलेलं पुन्हा उकरूनही काढता येत होतं. घटकाभर टेकता मात्र येत नव्हतं.

कारण दारापाशी थांबलेल्या माणसाला आत बोलवायचं आणि आत आलेल्याला चहा घेतल्याशिवाय सोडायचं नाही, ही गल्लीची रीत होती. ती कोणी घालून दिली कोणास ठाऊक, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस या एका गल्लीसाठी अख्खी दुपार राखून ठेवायचा. चहा म्हटला की बिस्किटं आली, बिस्किटं आली की मुलीच्या सासरची हकीकत आली, आणि हकीकत अर्धी टाकून उठायचं म्हणजे मुलीच्या सासरची बाजू घेतल्यासारखं दिसायचं.

काकूंनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. सिस्टरकडे म्हणून निघाल्या आणि मध्यावर गुडघा अडला तेव्हा कॅशियरच्या पायरीपाशी थांबल्या. कॅशियरवहिनींनी हाताला धरून आत नेलं. बाहेर आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या बाईंनी खिडकीतूनच विचारलं, की आमच्याकडचा चहा कडू असतो का? मग तो दिवस तिकडे गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कॅशियरवहिनी, कारण त्यांची हकीकत अर्धी राहिली होती. काकू रोज पोटात चहा हिंदकळवत घरी परत यायच्या आणि सिस्टरचं घर होतं तिथेच राहायचं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. लग्न केलं नाही, कोणाचं ऐकलं नाही, आणि निम्म्या गावाला सुया टोचल्यामुळे कोणी त्यांच्यासमोर फार बोलायचं नाही. इतकी वर्षं त्याच रोज दुपारी खाली उतरून काकूंकडे यायच्या. मग न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांचं उतरणं कायमचं बंद झालं. आता चढायची पाळी काकूंची होती, आणि नेमका तेव्हाच गुडघा रुसला. दोघी फोनवर बोलायच्या. पण काकू कॅशियरकडे चहाला येऊन परत गेल्या ही बातमी चढ चढून वर पोचली, बातमीला गुडघे नसतात, आणि सिस्टरनी फोनवर एवढंच विचारलं, की कॅशियरकडे येता येतं आणि माझ्याकडे येता येत नाही का? त्यानंतर त्यांनी फोन उचलायचंच सोडलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी काकूंनी सोसलं असतं. पण सिस्टरचा एक भाचा होता, लांबच्या शहरात, मोठ्या मनाचा आणि लहान जागेचा. तो कधीपासून मावशीला चल चल म्हणत होता आणि मावशी नाही म्हणत होती. आता ती म्हणायला लागली, की जाते बाई, इथे माझं आहे तरी कोण? भाचा पुढच्याच आठवड्यात न्यायला येणार, असं दूधवाल्याने सांगितलं. ते ऐकून काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या. भांडी आधीच घासलेली होती.

मोजणीकाकांनी ते पाहिलं. आता वाहनाने न्यावं, तर टाकीपाशी पायऱ्या होत्या. कॅशियरने सुचवलं की खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं. काकू म्हणाल्या, "चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा उचला. तेव्हा मी काही बोलायची नाही. तोवर मी माझ्या पायाने जाणार."

"मध्यावर टेकायला मिळालं तर जाशील?" काकांनी विचारलं.

"कोणाच्या घरात नको. चहा नको. नुसतं टेकायला मिळालं तर टाकीवरसुद्धा चढेन."

"मग मी बाक बसवतो," काका म्हणाले.

काकांनी आयुष्यभर जमीनमोजणीच्या खात्यात नोकरी केली होती. दोन भाऊ हातात कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असताना मधोमध टेप धरून उभा राहिलेला हा माणूस. एक बाक बसवायला त्याला कितीसा वेळ लागणार, असं त्यांना वाटलं. म्हणून ते दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत गेले.

तिथल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की रस्त्याच्या कडेला नुसतं बाक असं आमच्याकडे काही नाही. स्मरणार्थ बाक आहे.

"मला कोणाचं स्मरण करायचं नाहीये," काका म्हणाले. "बायकोला बसायचंय."

"नुसतं बसण्यासाठी तरतूद नाही, साहेब." मग कारकुनाने आवाज खाली आणला. "घरात कोणी गेलेलं आहे का?"

त्याने हे इतक्या मायेने विचारलं, की नाही म्हणणं काकांच्या जिवावर आलं. वडील गेले होते, पण वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी पूर्वीच वाचनालयाला पंखा दिला होता, आणि एकाच माणसाचं नगरपालिकेच्या हद्दीत दोनदा स्मरण करता येत नव्हतं. चुलत्यांचं नाव निघालं, पण चुलते ठणठणीत होते. कारकुनाचा चेहरा पडला. काकांनाही क्षणभर चुलत्यांचा राग आला.

राहता राहिल्या मातोश्री.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांच्या आई आणि काकू यांचं भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटलं तरी असतं. काकू नव्या नवरी म्हणून घरात आल्या त्या दिवशी सासूबाई मधल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या आणि काकू समोर उभ्या होत्या. सासूबाईंनी माहेरची चौकशी केली, स्वयंपाकातलं काय काय येतं ते विचारलं, पण बस म्हणाल्या नाहीत. विसरल्या असतील, किंवा नसतीलही. आणि त्यांनी म्हटल्याशिवाय आपण त्यांच्यासमोर बसायचं नाही, हे काकूंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढे सासूबाई जाईपर्यंत त्या बस म्हणाल्या नाहीत आणि काकू बसल्या नाहीत. कोण जिंकलं हे अजून ठरायचं होतं.

हे सगळं काकांना माहीत होतं. पण भाचा पुढच्या आठवड्यात येणार होता. त्यांनी मातोश्रींचं नाव सांगितलं. नावाची पाटी बाकाच्या पाठीवर, पुढून-मागून दोन्हीकडून वाचता येईल अशी हवी, हा नियम कारकुनाने दोनदा बजावला. घरी गेल्यावर काकूंना हे योग्य वेळी सांगायचं असं काकांनी ठरवलं. योग्य वेळ ही गोष्ट त्यांच्या संसारात फारशी कधी आलेली नव्हती.

मग जागेची पाहणी. ती करायला तोच कारकून गल्लीत आला आणि पहिल्याच दारापाशी पत्ता विचारायला थांबला. त्याला आत बोलावलं. तिथून सुटला तो शेजारच्या दारात सापडला. कचेरी बंद व्हायच्या वेळेला तो गल्लीच्या पहिल्या वळणाशीच होता, आणि पाहणी न करता परत गेला. दुसऱ्या खेपेला तो हेडमास्तरांच्या घरापर्यंत पोचला, म्हणजे हे निवृत्त झालेले हेडमास्तर, ज्यांच्या हाती सापडलेला माणूस सहसा भाषण ऐकून मगच बाहेर पडतो. तिसऱ्या खेपेला काकांनी त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं, त्याच्या दंडाला धरलं आणि कुठेही न बघता नाकासमोर चालवत मध्यावर नेलं. लोकांना वाटलं, त्याला पकडून चौकीवर नेताहेत. पाहणी झाली. त्यानंतरही तो कारकून आणखी एकदा आपल्या एका सहकाऱ्याला घेऊन आला, काहीतरी पाहायचं राहिलं म्हणून, पण त्या वेळी तो मध्यापर्यंत आलाच नाही आणि त्याची काही तक्रारही दिसली नाही.

आता बाक नक्की कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. कॅशियरवहिनी म्हणाल्या, आमच्या भिंतीशी ठेवलंत तर जो बसेल त्याला आत बोलवावं लागेल, आणि मी काय दिवसभर चहाच टाकत बसू? शिकवणीच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे ठेवलंत तर मुलं खिडकीतून बाहेर बघतील. मग काकांनी असं करायचं ठरवलं की दोघांच्याही हद्दीत न येणारी जागा शोधायची. त्यांनी माळ्यावरून जुनी टेप काढली. टेप हातात आल्यावर काका वेगळेच व्हायचे. पाठ ताठ व्हायची आणि माणसं दिसेनाशी व्हायची. त्यांनी गल्ली मोजली, भिंती मोजल्या, आणि विजेच्या खांबाशेजारी, जिथे गटारावर फरशी टाकलेली होती, तिथे कोणाच्याही मालकीची नसलेली जागा काढली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नोकरीची सवय. कोणी विचारलेलं नसताना त्यांनी भर गल्लीत सांगून टाकलं, की कॅशियरची पायरी वीतभर रस्त्यात आलेली आहे.

कॅशियरने त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते एक वेळ चाललं असतं, पण त्याने नगरपालिकेत जाऊन बाकाला हरकत घेईन असं चारचौघांत सांगितलं. एकदा हरकत आली की तिचा निकाल लागेपर्यंत भाच्याला मुलंबाळं झाली असती. काका रात्रभर तळमळले. सकाळी ते कॅशियरच्या दारात गेले, आणि आत न जाता, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी मोजणी चुकली. टेप ढिली पडली होती."

हे वाक्य म्हणायला त्यांना किती कष्ट पडले हे फक्त काकूंनाच कळलं. ज्या माणसाने कुऱ्हाडींसमोर उभं राहूनही कधी बोटभर मागे घेतलं नव्हतं, त्याने वीतभर खरं मागे घेतलं. पायरी रस्त्यात आलेलीच होती. ती आजही आहे. त्या रात्री काकूंनी काकांना दुसऱ्यांदा वाढताना विचारलं नाही, सरळ वाढलं.

दरम्यान बाक सुताराकडे आकार घेत होतं. सुताराचं दुकान बाजाराच्या वाटेवर असल्यामुळे ज्याला त्याला तिथे डोकावणं सोयीचं होतं. हेडमास्तरांनी सांगितलं, पाठ उंच करा, माणूस ताठ बसला पाहिजे. आजच्या पिढीचं सगळं वाटोळं पोक काढून बसण्यामुळे झालं आहे. कॅशियरवहिनींनी जाता जाता सांगितलं, लांबीला कमी करा, दोघांपुरतं. तिसरा माणूस आला की बैठक जमते आणि बैठक जमली की चहा मागते. सुतार भिडस्त होता. तो सगळ्यांना बरं म्हणायचा आणि, हीच खरी पंचाईत, बरं म्हटल्याप्रमाणे करायचाही.

चढ असल्यामुळे चारही पाय सारखे ठेवून चालणार नव्हतं. काकांनी चढ मोजून, बाक भिंतीला समांतर धरून, कोणता पाय किती आखूड करायचा ते सुताराला समजावून दिलं. पाय कापून झाले. तेव्हा शिकवणीच्या बाईंच्या लक्षात आलं, की बाक असं ठेवलं तर बसणाऱ्याचं तोंड त्यांच्या खिडकीकडे होतं. उलट करावं तर त्यांच्याकडे पाठ होते, आणि आमच्याकडे पाठ का, हा प्रश्न त्यांनी आधीच विचारून ठेवला. मग दोघांच्याही दाराकडे तोंड नको आणि पाठही नको म्हणून बाक आडवं फिरवून तोंड वर टाकीकडे करायचं ठरलं. त्याबरोबर कापलेले सगळे पाय चुकीचे झाले. सुताराने ते पुन्हा कापले, मग एक डुगडुगतो म्हणून बाकीचे कापले, मग बाकीच्यांशी जुळावा म्हणून पहिला कापला. बैठक खाली खाली जात राहिली. पाठ मात्र हेडमास्तरांनी सांगितली तेवढीच उंच राहिली. शेवटी जे तयार झालं ते बाक मांडी घालून न्यायनिवाडा करायला बसवल्यासारखं दिसत होतं. काकांनी त्यावरून हात फिरवला आणि छान झालंय म्हणाले. भाचा रविवारी येणार होता आणि शनिवार उजाडला होता.

शनिवारी दुपारी बाक मध्यावर आणून बसवलं. काकांचा बेत साधा होता. पाटीवर पंचा टाकायचा, रंग ओला आहे म्हणून सांगायचं, काकूंनी एकदा टेकून सिस्टरकडे जाऊन यावं, आणि मग सावकाश, पुढच्या वर्षी वगैरे, पंचा काढावा. पण हेडमास्तरांनी परस्पर उद्घाटन ठरवून टाकलं होतं. गल्लीतली यच्चयावत माणसं जमली. कोणी सतरंजी आणली. बाकाला दोरी बांधली होती, म्हणजे उद्घाटनाआधी कोणी बसू नये, आणि दोरीपलीकडे हेडमास्तर उभे राहून मातृभक्तीवर बोलत होते. काकांनी मातृभक्ती हा शब्द ऐकला मात्र, ते गर्दीतून पुढे जायला लागले. तेवढ्यात हेडमास्तरांनी, असा पुत्र दुर्मीळ, असं म्हणत पंचा ओढला.

काकू त्याच वेळी खालून वर येत होत्या. भिंतीला हात टेकत, एकेक पाऊल मोजत, ओठ घट्ट मिटून. लोकांनी वाट करून दिली. कोणीतरी दोरी सोडली. काकू बाकापाशी आल्या, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांनी पाटी वाचली. अक्षरं मोठी होती. नगरपालिकेचा नियमच तसा होता.

"हे कोणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"नगरपालिकेने," काका म्हणाले. हे जेवढं होतं तेवढं खरंच होतं.

काकू बघत राहिल्या. त्यांचा पाय थरथरत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. काका जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "अगं, बस की."

"त्या म्हणाल्या नाहीत अजून," काकू म्हणाल्या.

सरकारी कचेरी, शेजारपाजार, सुतार, स्वतःची अब्रू, या सगळ्यांतून काकांनी ते बाक ओढून आणलं होतं, आणि ज्या एका बाईसाठी आणलं ती त्याच्यासमोर उभी होती, जशी मधल्या खोलीत वर्षानुवर्षं उभी असायची. त्यांना वाटलं, संपलं. उद्या भाचा येणार, सिस्टर जाणार, आणि हिच्या उरलेल्या दुपारी भांडी घासण्यात जाणार. त्याच वेळी एका बाजूने कॅशियरवहिनी म्हणाल्या, आमच्याकडे टेका ना, चहा टाकते. आणि दुसऱ्या बाजूने शिकवणीच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे तर टाकलेलाच आहे.

काकूंनी एकदा या दाराकडे बघितलं, एकदा त्या दाराकडे, आणि मग वर टाकीकडे. त्यांनी हात पुढे करून बाकाची पाठ धरली. बैठक बुटकी झाली होती, पण पाठ त्यांच्या कोपरापर्यंत येत होती. दोन्ही हात पाठीवर टेकून, सगळा भार तिच्यावर टाकून, त्या उभ्याउभ्याच दम घेत राहिल्या. चांगला बराच वेळ राहिल्या. हेडमास्तरांनी मध्येच पुढचं वाक्य सुरू करायचा प्रयत्न केला, पण काकूंनी मान वळवून नुसतं पाहिलं आणि ते वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनी पदर खोचला.

"कोणी मागे यायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि चढायला लागल्या.

काका मागे गेले. 'कोणी' या शब्दात नवऱ्याला धरत नाहीत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. काकू आधी भिंतीला धरून चढल्या, मग भिंत संपली तेव्हा तशाच चढल्या. टाकीच्या पायऱ्यांपाशी त्या काहीतरी पुटपुटायला लागल्या. काकांना वाटलं देवाचं नाव घेते आहे. जवळ जाऊन ऐकलं तर ते देवाचं नव्हतं. पहिल्या पायरीला उतू गेलेल्या दुधाचं होतं, ज्याचा ठपका त्यांच्यावर आला होता. दुसऱ्या पायरीला माहेरून आणलेल्या पितळी डब्याचं होतं, जो सासूबाईंनी नणंदेला देऊन टाकला. तिसऱ्या पायरीला आजारपणात रात्र रात्र जागून केलेल्या सेवेचं होतं, जिच्याबद्दल शब्दही निघाला नाही. दर पायरीला एक तक्रार, आणि प्रत्येक तक्रारीबरोबर पाय ठासून वर. काकांना यातलं निम्मं नवीन होतं. पायऱ्या संपल्या तेव्हा तक्रारी अजून शिल्लक होत्या.

सिस्टरचं दार उघडं होतं. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. कोपऱ्यात एक पेटी भरून ठेवलेली होती.

"कॅशियरकडचा चहा संपला वाटतं," सिस्टर म्हणाल्या.

काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. घामाने चेहरा भिजला होता. "बस म्हणतेस," त्यांनी विचारलं, "की इथेही उभीच राहू?"

"तुला कधीपासून सांगावं लागायला लागलं?"

काकू गेल्या आणि पलंगावर बसल्या, आणि मग त्यांना रडू आलं. सिस्टरनी त्यांचा पाय हातात घेतला, गुडघा दाबून बघितला आणि डॉक्टरला दोन शिव्या दिल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यांनी ते डॉक्टरवर काढलं. नंतर दोघी बोलत बसल्या. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. काकांना कोणी या म्हणालं नाही, कसे आहात विचारलं नाही, बाकाबद्दल तर एक अक्षर नाही. बऱ्याच वेळाने सिस्टरची नजर त्यांच्यावर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, की नुसते उभे आहात तर चहा टाका. काकांनी चहा केला. तो घेता घेता सिस्टरनी भाच्याला फोन लावला आणि सांगितलं, की उद्या येऊ नकोस, मला इथे काम आहे, आणि ते कधी संपेल ते सांगता येत नाही. मग काकांना पेटीतली पातळं पुन्हा कपाटात लावायला सांगितली. काकांनी तीही लावली.

उतरताना अंधारून आलं होतं. उतार गुडघ्याला चढापेक्षा वाईट असतो. काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्या हाताचं वजन पावलागणिक वाढत होतं. मध्यावर आले तेव्हा गल्ली रिकामी झाली होती, सतरंजी उचलली होती, आणि खांबावरच्या दिव्याखाली बाक एकटंच टाकीकडे तोंड करून बसलेलं होतं.

काकू त्याच्यासमोर थांबल्या. काकांनी मुद्दाम काही म्हटलं नाही. त्यांचं त्या दिवशीचं म्हणून झालं होतं.

"तुम्ही काही म्हणायच्या नाहीत," काकू पाटीकडे बघून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "जिवंतपणी म्हणाला नाहीत, आता काय म्हणणार? मीच बसते. सासूबाई, सरका जरा."

आणि त्या बसल्या. पाठीला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि पाय लांब सोडला. मग काकाही शेजारी टेकले. दोघांपुरतंच बाक होतं, बरोबर मावले. बुटक्या बैठकीमुळे त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले होते, तरी आयुष्यात इतकं आरामशीर आपण कधी बसलो नव्हतो असं त्यांना वाटलं.

कॅशियरचं दार उघडलं. वहिनी त्या वीतभर पुढे आलेल्या पायरीवर आल्या आणि रीतीप्रमाणे म्हणाल्या, "अगंबाई, बाहेर काय बसलात? आत या, चहा टाकते."

काकूंनी डोळे उघडले. "नको गं," त्या म्हणाल्या. "आम्ही आमच्या घरीच बसलोय."

वहिनी पायरीवरच घुटमळल्या. घरात बसलेल्या माणसाला आत कसं बोलवायचं, याची रीत गल्लीने अजून घालून दिलेली नव्हती. त्यांनी एकदा मागे घराकडे पाहिलं, एकदा पाटीकडे, आणि मग जरा चाचरत विचारलं, "मग मी येऊ का तुमच्याकडे? घटकाभर?"

"ये की," काकू म्हणाल्या. "विचारतेस काय. अहो, उठा जरा. तिला बसू द्या."

काका उठले आणि आईसमोर उभे राहिले. वहिनी बसल्या, त्यांनी मुलीच्या सासरची राहिलेली हकीकत काढली, काकूंनी मान डोलावली, आणि गोष्टी रंगत गेल्या. काकांना बस असं कोणी म्हणालं नाही.